थोरल्या बाई जिवंत आहेत

सुट्टीच्या दिवशी माणसाने झोपावं. झोप येत नसेल तर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडावं. पण हातात दाभण घेऊन बायकोच्या उपयोगी पडायला जाऊ नये. मी गेलो, आणि पुढे माझी जी दशा झाली ती तुम्हाला सांगतो. सांगून माझा काही फायदा नाही हे मला कळतंय. निदान तुमच्या हातातलं दाभण तरी तुम्ही खाली ठेवाल.

त्याचं असं झालं, आमच्या हिची परीक्षा होती. (हो, या वयात. हसू नका. मी हसलो होतो, तर बरेच दिवस माझ्या चहात साखर पडली नाही.) लग्नाच्या वेळी हिची पदवी एका साहित्याच्या विषयात अडकली होती. लेखी पेपरांतून ती केव्हाच सुटली. राहिली तोंडी परीक्षा. त्यात ही दोनदा नापास झाली, कारण अनोळखी माणसांसमोर खुर्चीत बसवलं की हिची दातखीळ बसते. सगळं येत असतं, ओठांपर्यंत आलेलं असतं, पण बाहेर काही पडत नाही. (हे अनोळखी माणसांसमोर. माझ्यासमोर हा त्रास तिला आजवर एकदाही झालेला नाही.)

यंदाची संधी शेवटची होती. पुढच्या वर्षी अभ्यासक्रमच बदलणार होता. ही ज्या बालवाडीत मदतनीस आहे तिथल्या मुख्य बाई निवृत्त व्हायच्या होत्या. हातात पदवी असेल तर ती जागा हिची, नाहीतर कुणातरी नव्या मुलीच्या हाताखाली काम करायचं.

"पोरांची नाकं पुसायला माझी ना नाही हो," ती मला म्हणाली होती. "पण एकदा तरी मला फळ्यापाशी उभं राहायचंय. खडू हातात घेऊन."

हे ऐकून मला तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. आणि मला कुणासाठी काही करावंसं वाटलं की घरावर काहीतरी संकट येतं, हा माझ्या आईचा अनुभव आहे.

अभ्यासाला एक जगप्रसिद्ध कादंबरी होती. अभिजात. म्हणजे इतकी जाड, की उशाला घेतली तर मान आखडेल. परीक्षा होती फक्त 'सुरुवातीच्या प्रकरणांतील प्रमुख व्यक्तिरेखा' एवढ्यावर. ही वाचनालयातली एकुलती एक प्रत घेऊन आली. त्या प्रतीची अवस्था बघवत नव्हती. शिवण कुजलेली, कणा निखळलेला, पानांच्या खालच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. उघडलं की पानांचे गठ्ठे मांडीवर पडायचे.

"आण इकडे," मी म्हटलं. "मी बांधून देतो."

"राहू द्या हो. मी सांभाळून वाचीन."

"अगं, बांधणी हा माझा प्रांत आहे!"

ही काही बढाई नव्हती. मी पाणीपुरवठा खात्यात, रेकॉर्ड विभागात आहे. सगळा जन्म फाइली बांधण्यात गेला. कागद लावावा, टोचावा, ओवावा, गाठ मारावी. ताजा कागद वर, जुना खाली. डोळे मिटायला सांगा, हात आपोआप चालतात. मी बांधलेली फाइल आजवर सुटलेली नाही. (उघडलेलीही फारशी नाही, पण तो खात्याचा दोष.) घरात माझी किंमत काय आहे ते सोडा, पण दाभण हातात असताना मी कुणाला हार जाणारा माणूस नाही.

मी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. उरलीसुरली शिवण कापली, गठ्ठे सुटे केले, ते टेबलभर पसरले. प्रकरणांना आकडे नव्हते, प्रत्येकाच्या डोक्यावर नुसतं एकेक पानाफुलांचं चित्र. पानांचे आकडे खाली होते, पण तिथेच वाळवी लागलेली. मी ऑफिसातून आणलेल्या कटरने ती खराब कड सरळ कापून टाकली. मग गठ्ठे लावले, दाभणाने टोचले, दोरा ओवला, खळ लावली, वरून पुठ्ठा चढवला आणि वजनाला पुस्तकावर मिक्सर ठेवला. संध्याकाळी पुस्तक असं काही तयार झालं की आई सुद्धा म्हणाली, "अरे वा! हे तूच केलंस?"

इतक्या वर्षांत आईने मला 'अरे वा' म्हटलेलं हे पहिलंच. तिथेच मला शंका यायला हवी होती.

मग आमचा अभ्यास सुरू झाला. आमचा म्हणजे तिचा. पण बांधणी माझी असल्याने माझाही जीव त्यात गुंतला होता. ऑफिसातून आलो की चहा व्हायचा, आई भाजी निवडायला बसायची, ही पुस्तक उघडून मोठ्याने वाचायची आणि मी समोर बसून व्यक्तिरेखा समजावून सांगायचो. बोलायची सवय व्हावी म्हणून मीच ही युक्ती काढली होती.

पहिल्या प्रकरणात थोरल्या बाई वारल्या.

थोरल्या बाई म्हणजे एका मोठ्या हवेलीच्या मालकीणबाई. पहिल्याच पानावर त्यांचा प्राण जातो. सगळे रडतायत. त्यांचा पुतण्या, एक म्हातारा कर्नल, लाकडी पायावर उभा राहून आसवं गाळतोय. बाईंची धाकटी मुलगी आहे, तिचे केस पिकलेत, ती कुणाशी बोलत नाही. एक शिकवणीचा मास्तर आहे, त्याला वेड लागलंय, तो बागेत झाडांशी बोलतो. आणि एक डॉक्टर आहेत, ते शांतपणे घड्याळ बघून "संपलं" म्हणतात.

आईने हातातली शेंग खाली ठेवून डोळ्याला पदर लावला. "चांगली होती गं बाई," ती म्हणाली.

"आई, अजून त्यांनी काही केलंच नाहीये," मी म्हटलं.

"मेली ना बिचारी? आणखी काय करायचं?"

मी हिला विचारलं, "यात आपल्यासारखं कुणी आहे का गं? माझ्यासारखा कोणी?"

हिने पुस्तकातून डोकं वर न काढता सांगितलं, "आहे की. अगदी सुरुवातीलाच येतो."

मी मनातल्या मनात सगळ्यांना तपासलं. कर्नल नाही, माझे दोन्ही पाय धड आहेत. मास्तर नाही, मी अजून झाडांशी बोलत नाही. म्हणजे डॉक्टर! शांत, मोजकं बोलणारा, संकटात न डगमगणारा. मला आतून फार बरं वाटलं. बायको तोंडावर कधी म्हणत नाही, पण तिच्या मनात आपली किंमत आहे, असं वाटून त्या दिवशी मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या प्रकरणात थोरल्या बाई आजारी पडल्या.

"थांब," आई म्हणाली. "मरायच्या आधी आजारी पडायचं असतं, एवढं मलाही कळतं."

"आई, लेखक मागे वळून बघतोय," मी समजावलं. "आधी दुःख, मग त्याचं कारण. थोर लेखक असंच करतात."

ही खाली मान घालून वाचत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. मी हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला, तर खांदे आणखीच हलले.

त्यानंतरच्या प्रकरणात कर्नल लढाईवरून लाकडी पाय घेऊन परत आला, हवेलीच्या दारात सगळे धावले. आणि त्याच्या पुढच्या प्रकरणात तोच कर्नल टणकन उडी मारून घोड्यावर बसला आणि लढाईला निघाला.

"आणि पाय?" आईने विचारलं.

मी चहाचा एक घोट घेतला. मग म्हटलं, "जिद्द."

"लाकडी पायाने उडी मारली?"

"आई, तो लाकडी पाय म्हणजे खरोखरचा लाकडी पाय नव्हे. ते मनाचं लंगडेपण आहे. थोर लेखक असंच करतात."

"मग मेलेली बाई तिथे दारात उभी राहून त्याला रुमाल हलवतेय ती?"

"ती... आठवण आहे."

"आठवण रुमाल हलवते?"

"हलवते! अभिजात आहे ते!" मी ओरडलो. खरं सांगायचं तर मला स्वतःला काही कळत नव्हतं. पण इतक्या जाड पुस्तकासमोर 'मला कळलं नाही' म्हणायची हिंमत कुणाला होते? माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, मग वाळवीवर, आणि लेखकावर तर शेवटपर्यंत घेत नाही.

ही मात्र शहाण्यासारखी सगळं ऐकून घ्यायची. "म्हणजे मी परीक्षेत काय सांगू?" असं भोळा चेहरा करून विचारायची. मी सांगायचो. कर्नल हा पश्चात्तापाचा पुतळा. धाकटी म्हणजे मूर्तिमंत वैराग्य. थोरल्या बाई म्हणजे 'नसूनही असलेली' व्यक्तिरेखा. हे 'नसूनही असलेली' मला चहा ओतता ओतता सुचलं होतं, आणि मी ते तिच्याकडून घोकून घेतलं. एकदोनदा ही एकटी बसून पुस्तक शेवटाकडून वाचताना मला दिसली. मला वाटलं, शेवट काय होतो ते बघायची घाई झालीय. बायकांना धीर कमीच.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. हातात रुमालाचा पिळा.

"अहो, मला बोलता येईल ना?"

"न यायला काय झालं! कर्नल म्हणजे?"

"पश्चात्तापाचा पुतळा," ती क्षीण आवाजात म्हणाली. पुस्तक पिशवीत टाकून ती बसच्या थांब्याकडे गेली आणि मी ऑफिसला.

ऑफिसात त्या दिवशी नवे साहेब आले होते. तरुण, उत्साही. (होईल कमी.) त्यांनी मला बोलावून टेबलावरची एक फाइल पुढे सरकवली.

"हे काय आहे? पहिल्या कागदावर 'नळ दुरुस्त झाला, प्रकरण बंद' असा शेरा. पुढे प्लंबर पाठवल्याची नोंद. त्यापुढे साहेबांची परवानगी. आणि सगळ्यात शेवटी नळ गळत असल्याची तक्रार! आपलं खातं तक्रारीच्या आधीच दुरुस्ती करतं?"

मी हसलो. नव्या माणसाला शिकवायची संधी रोज मिळत नाही. मी फाइल उचलली, उलटी केली आणि ऐटीत म्हटलं, "साहेब, फाइल मागून वाचायची असते. ताजा कागद वर, जुना तळाला. शेवट आधी दिसतो. गोष्टीची सुरुवात हवी असेल तर ती नेहमी खाली..."

आणि हातातल्या उलट्या फाइलकडे मी बघतच राहिलो.

टेबलावर पसरलेले गठ्ठे माझ्या डोळ्यांसमोर आले. ते एकावर एक ठेवणारे माझे हात दिसले. हे डोळे मिटून चालणारे, जन्मभर एकच काम केलेले हात! कर्नलचा पाय परत उगवला नव्हता, तो अजून तुटायचाच होता! थोरल्या बाई मरून रुमाल हलवत नव्हत्या, त्या ठणठणीत होत्या! मी सगळी कादंबरी फाइलसारखी लावली होती, आणि माझी बायको, फळ्यापाशी उभं राहायची एवढी एकच इच्छा असलेली माझी बायको, 'सुरुवातीच्या व्यक्तिरेखा' म्हणून शेवटचं प्रकरण पाठ करून परीक्षेला गेली होती. आणि घोकून कुणी घेतलं होतं? मी!

"काय झालं? बरं वाटत नाही का?" साहेब उठून उभे राहिले.

"साहेब, मला सोडा. थोरल्या बाई..."

"अरेरे! गेल्या?"

"नाही हो! गेल्या नाहीत! तेच तर संकट आहे!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "जा. सावकाश जा. उद्याही आला नाहीत तरी चालेल."

बसमध्ये माझी काय अवस्था होती ते विचारू नका. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. (तिचं कामच आहे ते, पण त्या दिवशी मला तो कट वाटला.) मी खिडकीशी बसून स्वतःला एकेक शिवी मोजून देत होतो. इतकी वर्षं ती माझे डबे भरते, माझ्या आईची औषधं बघते, आणि आयुष्यात एकदा, एकदाच ती काहीतरी स्वतःसाठी मागते, तर मी दाभण घेऊन धावतो! सत्यानाश केला मी तिचा. शेजारच्या माणसाने माझ्या तोंडाकडे बघून जागा बदलली.

परीक्षेच्या इमारतीत लांबच लांब बोळ होता. बाकांवर उमेदवार बसलेले, एका दारापाशी शिपाई.

"आत जाता येणार नाही," शिपाई म्हणाला. "तोंडी चालू आहे."

"माझी बायको आत आहे. एकच निरोप द्यायचाय हो. फक्त सांगा, थोरल्या बाई जिवंत आहेत!"

शिपायाचा चेहरा एकदम बदलला. "काय सांगता! आणि तिला माहीत नाही?"

"ती त्यांना मेलेली समजूनच आत गेलीय!"

"अहो, मग वाट कसली बघताय?" त्याने दाराच्या कडीला हात घातला. "परीक्षा काय, पुन्हा देता येते!"

"नाही येत! हीच शेवटची!" मी म्हणालो, पण त्याने तोवर मला दार उघडून आत ढकललंही होतं. मागून एका बाकावरच्या बाई कुणाला तरी सांगत होत्या, "सासूबाई असणार. डॉक्टरांनी सोडून दिलं होतं वाटतं."

आत एक टेबल होतं. पलीकडे दोन परीक्षक: एक टकलू गृहस्थ आणि एक चष्म्याच्या बाई. अलीकडे खुर्चीच्या अगदी कडेवर आमची ही. रुमालाचा पार दोरा झालेला. टकलू परीक्षक दमून म्हणत होते, "काहीही सांगा. एखादं वाक्य. कुठलंही पात्र." आणि ही ओठ हलवत होती, पण आवाज नव्हता. दातखीळ बसली होती. तिसऱ्यांदा.

मला राहवलं नाही. मी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा ओरडलो, "कर्नलला दोन पाय आहेत! थोरल्या बाई मेलेल्या नाहीत! मास्तर शहाणा आहे! मी पुस्तक उलटं बांधलंय गं, चुकलो मी, सगळं विसर!"

चष्म्याच्या बाईंचा पेन खाली पडला. "हे कोण?"

हिने सावकाश मान वळवली. आधी माझ्याकडे बघितलं, मग परीक्षकांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या पांढऱ्या चेहऱ्यावर खालून वर लाली चढत गेली. ती लाली मला ओळखीची आहे. मी एक पाऊल मागे सरकलो.

"माहीत आहे मला!" ती म्हणाली. आणि तोंडाचा पट्टा सुटला.

"माहीत आहे मला थोरल्या बाई जिवंत आहेत ते! चांगल्या खणखणीत आहेत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून घरभर फिरतात, सगळ्यांवर डाफरतात, आणि मनातून भ्यायलेल्या असतात, की किल्ल्या दुसऱ्याच्या हातात गेल्या तर आपल्याला कोण विचारील! आणि कर्नल काय सांगता मला? तो अजून कर्नल झालेलाच नाही. साधा लेफ्टनंट आहे, सुट्टीवर आलेला. आपल्यावाचून जगाचं अडलंय अशा थाटात चालतो. विचारल्याशिवाय सल्ले देतो. कुणी मागितली नाही ती मदत करायला जातो आणि दुसऱ्याचं वाटोळं करून वर म्हणतो, 'मी चांगल्यासाठीच केलं!' असली माणसं मला काय पुस्तकातून वाचावी लागतात?"

टकलू परीक्षक सावरून बसले. "छान. आणि धाकटी?"

"धाकटी!" ही माझ्यावरची नजर न हलवता कडाडली. "धाकटी सतरा वर्षांची पोर आहे. सगळ्यांना वाटतं ही नुसती खिदळते. हिला काय कळतंय! कुणी तिला विचारत सुद्धा नाही तुला काय हवंय म्हणून. हसते म्हणजे सुखात आहे असं धरून चालतात सगळे. तिला शिकायचं असतं हो! शिकायचं असतं तिला! म्हणून ती मास्तरांच्या खोलीबाहेर उभी राहते, त्यांच्या प्रेमात पडलेली नसते ती, तिला त्यांची पुस्तकं हवी असतात. हे त्या मास्तरालासुद्धा कळत नाही. पुरुषच तो!"

चष्म्याच्या बाईंनी पेन उचलून भराभर लिहायला सुरुवात केली होती. मी दाराकडे सरकलो.

"तुम्ही हलू नका," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तिथेच उभे राहा. हं, आणि मास्तरांबद्दल?"

पुढचा सगळा वेळ मी त्या खोलीच्या मध्यावर मान खाली घालून उभा होतो. परीक्षक प्रश्न विचारत होते आणि ही मला झापत उत्तरं देत होती. मास्तरांचा भित्रेपणा माझ्या तोंडावर मारला गेला. लेफ्टनंटचा फुकाचा दिमाख माझ्याकडे बोट करून सांगितला गेला. हवेलीतल्या धुळीचं वर्णनसुद्धा तिने अशा सुरात केलं, की ती मीच पाडली असावी. मधेच टकलू परीक्षक मला हळूच म्हणाले, "पाणी हवं का?" ही माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी नको म्हटलं.

शेवटी चष्म्याच्या बाईंनी टोपण लावलं. "बाई, इतकी जिवंत उत्तरं मी फार दिवसांनी ऐकली," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या दाराबाहेरच्या धाकटीबद्दल तुम्ही बोललात ना, ते तर मलाही कधी सुचलं नव्हतं. काळजी करू नका. पास आहात. तुम्ही तर शिकवायलाच हवं." आणि मग माझ्याकडे वळून, "तुमचीही मदत झाली. नेमकी कशी, ते मला लिहिता येणार नाही."

बाहेर शिपायाने हिला हात जोडले. "बाई, सासूबाईंना जपा आता."

ही काही न समजून "हो" म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतही होती. रुमालाचा दोरा झाल्यामुळे मी माझा दिला.

मी धीर करून विचारलं, "तुला ठाऊक होतं? पुस्तक उलटं आहे ते?"

"दोनदा नापास झालेय मी त्या पुस्तकात. दोनदा नापास व्हायला किती वेळा वाचावं लागतं कल्पना आहे? तुम्ही बांधून दिलंत त्याच दिवशी कळलं. मी आपली मागून वाचायची."

"मग बोलली का नाहीस?"

"किती खुशीत होतात तुम्ही! आईंनी 'अरे वा' म्हटलं होतं." ती पुन्हा हसायला लागली. "आणि ते तुमचं समजावणं! मनाचं लंगडेपण! आठवण रुमाल हलवते! दिवसभर परीक्षेची भीती वाटायची, आणि संध्याकाळी तुमच्यासमोर बसलं की जायची. वाटलं, आज ना उद्या तुम्हाला कळेल. तुम्हाला काही कळेचना."

म्हणजे ते हलणारे खांदे! मी खिडकीबाहेर बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं. माणसाचं सगळं गेलं की तो उरलेलं मोजतो, तसा मीही शोधायला लागलो, आणि मला एक गोष्ट सापडली. डॉक्टर! निदान डॉक्टर तर माझा होता.

"पण काहीही म्हण," मी म्हटलं, "माझ्यासारखा एक माणूस आहे त्यात, असं तूच म्हणाली होतीस. शांत, मोजकं बोलणारा."

"मी शांत म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, सुरुवातीलाच येतो."

"तेच ते. डॉक्टर."

"डॉक्टर शेवटी येतात हो," ती म्हणाली. "सुरुवातीला नाही."

मी तिच्या पिशवीतून ते पुस्तक काढलं. माझी बांधणी अजून घट्ट होती, एक दोरा हलला नव्हता. मी पुस्तक उलटं केलं, मागचा पुठ्ठा उघडला आणि तळातला गठ्ठा शोधून त्याचं पहिलं पान काढलं.

हवेलीचा दिवाणखाना. थोरल्या बाई चहा ओततायत, लेफ्टनंट फुशारक्या मारतोय, धाकटी हसतेय. एवढ्यात बागेतल्या चिखलाने बरबटलेल्या पायांनी घरातला म्हातारा कुत्रा आत धावत येतो. त्याच्या तोंडात मास्तरांचा नवा बूट असतो. तो चहाचं टेबल उलथवतो, गालिचा घाण करतो आणि बूट मालकिणीच्या पायाशी ठेवून मोठ्या अभिमानाने शेपूट हलवत उभा राहतो. सगळे त्याच्यावर ओरडतात. थोरल्या बाई म्हणतात, 'राहू द्या रे त्याला. त्याला वाटतंय, तो मदत करतोय.'

मी पुढची पानं चाळली. त्याच्या पुढचं प्रकरण चाळलं. मग उलट्या दिशेने वरपर्यंत चाळत आलो. कुत्रा पुन्हा कुठेच नव्हता.

"पुढे काय होतं त्याचं?" मी विचारलं.

हिने माझा रुमाल नीट घडी करून मला परत दिला.

"काही नाही. पुढे त्याचं नावही येत नाही," ती म्हणाली. "थोर लेखक असंच करतात."